नव्या गाडीला लाल टिकल्या

—नाय, सुरुवात चेहऱ्यावरनंच झाली. ती पोरगी, नमिता नाव तिचं, छातीवर बिल्ला आहे, ती म्हणाली, काका, गाडी पुढून बघा आणि मनात पहिलं येईल ते सांगा. मी म्हटलं, सांगू? शिंगाळा. खाडीतला शिंगाळा जाळ्यात आला की कसा आ वासतो, तसं तोंड केलंय तुमी गाडीला, पार जमिनीपर्यंत जाळी. आणि डोळे कुठे आहेत? वर नुसती फट ठेवलीय आणि खरे दिवे खाली गालात. एखादा भांडण उकरून काढायला आलेला माणूस डोळे बारीक करून बघतो ना, तशी बघते. कुटुंबाची गाडी म्हणता आणि चेहरा असा, की कुटुंबावरच चिडलीय. — बसा, बसा, उभे का? तुमचा नंबर छत्तीस ना? आत पस्तीस चालू आहे, एकेका घराला वीस-वीस मिनिटं लावतात. बसा या बाकड्यावर, सावली आहे. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली का तुमच्या? माझ्याही लावली. बाहेर काय बोलायचं नाय अशी सही पण घेतलीय, पण तुमी तर आत जाऊन बघणारच आहात, तुमाला सांगितलं तर कुठे बिघडतंय. नाव पण झाकलंय त्यांनी, पुढे-मागे काळी पट्टी. आता नाक झाकलं म्हणून माणूस ओळखू येत नाय का? अमेरिकन कंपनी. आपलीच जुनी गाडी, तिचं हे नवं रूप काढलंय. तुमच्याकडे पण जुनीच आहे ना? म्हणूनच बोलावलंय तुमाला, जुनी वापरणाऱ्यांनाच बोलावलंय मत द्यायला, नवराबायको दोघांना. तुमच्या मिसेस? — येतायत, बरं.

मला बाहेर का बसवलंय? बसवलंय म्हणजे — थांबा म्हणालेत. वरच्या साहेबांना विचारते म्हणाली नमिता. माझा मतांचा कागद घेऊन गेलीय. माझा आणि आमच्या हिचा, दोन्ही. ती बघा आमची भिमाबाई, पलीकडच्या बाकड्यावर, निळं लुगडं. नाय, इकडे नाय बघणार ती. बघू नका तुमी पण. विषय असा आहे की वीस मिनिटं मी त्यांना एवढं सांगितलं, इंच-इंच सांगितलं, आणि आता म्हणतात तुमचा कागद धरायचा की नाय ते ठरवावं लागेल. अरे ठरवायचं काय त्यात? अठरा वर्षं माझ्याकडे आहे ती गाडी. दोन हजार सातची, मोतिया रंग. अजून पहिल्या दणक्यात सुरू होते. तिच्या दाराचा आवाज मला झोपेत ऐकवा, पुढचं का मागचं, डावं का उजवं, सांगतो. माझ्याकडे म्हणजे — हाताखाली. चालवतो मी. गाडी साहेबांची.

हां, ड्रायव्हर. बोलून टाकलं, आता लपवायचं काय. आत त्यांनीही तेच विचारलं, काका, तुमी ड्रायव्हर आहात का, आणि असं विचारलं जसं खिशातनं कोणाचं पाकीट निघालंय माझ्या. बोलावणं साहेबांच्या नावावर आलं होतं, बरोबर आहे. साहेबांनीच पाठवलं मला. सानपाड्याला राहतात, एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत, गुडघे गेलेत, त्यांना कुठे असल्या रांगेत उभं करणार? म्हणाले, गंगाराम, गाडीतलं मला काय कळतं, तूच जा. — असं म्हणाले. म्हणजे म्हणाले असते. खरं सांगायचं तर म्हणाले, टाक तो बोलावण्याचा कागद रद्दीत. मी टाकला नाय. घडी करून खिशात ठेवला. मग यांचा फोन आला तेव्हा साहेब आत झोपले होते, मीच उचलला, आणि त्या बाईनं विचारलं की गाडीचे मालक बोलताय का, तर मी — मी हो म्हटलं. आता तुमी म्हणाल खोटं बोललास. बोललो. पण गाडीबद्दल एक अक्षर खोटं बोललो असेन तर सांगा. साहेब मागे बसून पेपर वाचायचे. त्यांना विचाराल जुन्या गाडीत काय आवडायचं, तर ते सांगतील, पेपर नीट वाचता यायचा. त्यांचा कागद धरणार आणि माझा नाय, हा कुठला न्याय?

पकडलं कसं ते ऐका. त्याचाच तर संताप आहे. आत गाडीभोवती फिरवतात, मग म्हणतात, आता घरच्यासारखं बसून दाखवा, बाहेरगावी जाताना जसे बसता तसे. नमिता बाजूला वहीत टिपत उभी, आणि एक उंच पोरगा कोपऱ्यात, कंपनीचा असणार, काय बोलत नाय, फक्त बघतो. आता मी साहेबांचा शर्ट घातलेला, हा बघा, हाच, त्यांनीच दिवाळीला दिलेला, वापरलेला आहे पण चांगला आहे. बूट पॉलिश केलेले. भिमाला पण सांगून ठेवलं होतं की जास्त बोलू नको, मान हलव. सगळं ठीक चाललं होतं. आणि मी काय केलं? गेलो, मागचं दार उघडलं. एका हातानं दार धरलं, दुसरा हात वर, छपराच्या कडेला, पालथा नाय, उताणा, बसणाऱ्याचं डोकं लागू नये म्हणून. ती बसेपर्यंत उभा राहिलो. पदर बाहेर लोंबत होता, तो आत घेतला. दार लावलं, आपटून नाय, दोन बोटांनी ओढत आणत शेवटी हलका दाब. मग पुढून वळसा घालून आलो, बसलो, आरसा नीट केला, आणि आरशात बघून विचारलं, निघू?

माझ्या स्वतःच्या बायकोला विचारतोय, निघू. गाडीला इंजिन नाय आत, नुसता सांगाडा आहे, निघणार कुठे? हात आपले करत गेले, मला कळलंच नाय. ती नमिता लिहायची थांबली. तो उंच पोरगा हसला. मग ती वाकून खिडकीशी आली आणि हळूच विचारलं. — काय चुकलं माझं? मी शिवी दिली, का काच फोडली? दार धरलं. दार धरणारा मालक नसतो, एवढं ओळखलं त्यांनी. ओळखलंत ना, मग लिहा की तेच कागदावर. लिहा, की या देशात ज्याची गाडी असते तो दार उघडत नाय. ते नाय लिहिणार.

आणि डोकं लागलं तिचं. हे मी ओरडून सांगितलं त्यांना. माझा हात होता मध्ये, तरी लागलं. का? कारण छप्पर मागे असं उतरतं केलंय, घसरगुंडीसारखं. म्हणे स्पोर्टी. म्हणे तरुण दिसते. अरे मागे कोण बसतं? म्हातारी माणसं बसतात, बाळंतीण बसते, पाय मोडलेला बसतो. साहेबांच्या आईला मी त्या मागच्या सीटवर शेवटची चार वर्षं ने-आण केली, नव्वदीची बाई, कमरेत वाकलेली, तिला सुद्धा कधी खरचटलं नाय. अठरा वर्षांत किती माणसं बसवली असतील या हाताखालून, कोणाचं डोकं लागलं नाय, आणि आज पहिल्यांदा लागलं ते बायकोचं. तुमी आत जाल तेव्हा बघा, वाकून बघा, छपराची कड बोटभर पुढे आलीय. गाडीच्या फोटोवर चिकटवायला टिकल्या देतात, आवडलं तिथे हिरवी, नाय आवडलं तिथे लाल, प्रत्येकी दहा. मी सात लाल त्या एका मागच्या दारावर लावल्या. नमिता म्हणते, काका, थोड्या पुढेही लावा. मी म्हटलं, पुढे मी बसतो, माझं मी बघून घेईन.

आणि मागची खिडकी बघा. काच कमी आणि पत्रा जास्त. खालची रेघ मागे जाताना वर-वर चढवलीय, म्हणजे मागे बसलेल्याच्या खांद्यापर्यंत भिंत. भिमा आत बसून म्हणाली, इथनं बाहेरचं काय दिसत नाय. बाहेरून बघणाऱ्याला ऐटदार वाटत असेल, आतल्याला काय, तिजोरीत ठेवल्यासारखं. मी म्हटलं, लिहा, माझ्या बायकोनं सांगितलं ते लिहा. तेव्हा लिहीत होती. तेव्हा अजून मी मालक होतो.

जुनी कशी होती, तुमाला माहीत आहे. गोल दिवे, मध्ये ती जाळी दोन्ही टोकांना जरा वर वळलेली. हसरी. लांबून येताना दिसली की वाटायचं आपलंच कोणी येतंय. साहेबांच्या सोसायटीतली बारकी पोरं तिला हसरी गाडी म्हणायची. मी रोज सकाळी तोंड पुसल्यासारखं पुसायचो तिचं पुढचं. आणि असल्या चेहऱ्याची ही अशी दशा केलीय, तर राग नाय येणार? मी तेच आत बोलत होतो, जुनीची स्तुती करत होतो, समोर भिंतीवर दोघींचे फोटो लावलेत शेजारी-शेजारी, आणि नमिता म्हणाली, काकू, तुमी अजून एकपण टिकली लावली नाय, लावा ना. तर ही उठली. मला वाटलं आता नव्या गाडीच्या छपरावर लावेल, डोकं चोळतच होती. ती गेली आणि लाल टिकली लावली कुठे? जुनीच्या तोंडावर. मधोमध, त्या हसऱ्या जाळीवर. आणि नवीला, त्या शिंगाळ्याला, हिरवी.

नमितानं विचारलं, का हो काकू, जुनी का नाय आवडत? तर ही म्हणते — मान हलव म्हणून सांगितलं होतं मी — ही म्हणते, ती हसत हसत पुढे निघून जायची. ही रागीट तर रागीट, निदान कळतं तरी, की थांबणार नाय.

नमिताला काय कळलं नाय. तिनं लिहून घेतलं आपलं. मला कळलं.

आता तुमी विचारू नका काय ते. — नाय, विचारलं नाय तुमी, माहीत आहे. पण बघताय ना माझ्याकडे. ऐका मग. आमी तेव्हा जुईनगरला भाड्यानं राहायचो. दोन हजार अकराचा मे महिना. साहेबांच्या मिसेसना नेरुळला त्यांच्या बहिणीकडे सोडलं आणि रिकामी गाडी घेऊन सानपाड्याला परत येत होतो. दुपारचे दोन. रिक्षांचा संप होता त्या दिवशी. आणि स्टॉपवर भिमा उभी. खांद्यावर मैत्री, आमची मुलगी, नऊ वर्षांची होती, एवढी मोठी पोर खांद्यावर घेतलेली म्हणजे समजा किती ताप असेल. वाशीला दवाखान्यात न्यायची होती. तिनं लांबूनच गाडी ओळखली. दुसरी तशी होतीच कुठे त्या रस्त्याला? तिनं हात केला. असा, पूर्ण वर. आणि मी — मागची सीट रिकामी, पांढरी कव्हरं कालच धुऊन चढवलेली, एसी चालू. मी बघितलं तिला. तिनं मला बघितलेलं मी बघितलं. आणि पाय ब्रेकवर गेला नाय माझा. आरशात बघितलं, तर हात अजून वरच होता तिचा.

का? अहो का म्हणजे — समोरच्या बिल्डिंगच्या ड्रायव्हरला काढलं होतं त्याच महिन्यात, मेव्हण्याला बसवून फिरवला म्हणून. वॉचमन चहाड्या करायचे. मिसेसना वास लगेच कळायचा, तेलाचा, घामाचा, कोण बसलं होतं रे विचारायच्या. नोकरी गेली तर पोरीचं औषध कुठून आणायचं, हे पण डोक्यात आलं, ते पण खोटं नाय. पण खरी गोष्ट सांगू? गेल्या वर्षी, मैत्रीला नर्सिंगची नोकरी लागली तेव्हा पेढे द्यायला गेलो होतो, तेव्हा बोलता बोलता मी साहेबांना सांगून टाकलं. तर ते पेपर खाली ठेवून म्हणाले, अरे गाढवा, थांबायचं होतंस. मी तुला कधी नको म्हटलं होतं? — आणि मी आठवायला लागलो. सगळं आठवलं. कोणीच नको म्हटलं नव्हतं. अठरा वर्षांत एकदाही, कोणीही. मीच मला नको म्हटलं होतं. त्या दिवशी साहेबांचा जेवढा राग आला तेवढा कोणाचा आला नसेल. नको म्हटलं असतंत तर बरं झालं असतं ना हो, निदान धरायला काहीतरी असतं हातात.

भिमानं कधी काढलं नाय ते. चौदा वर्षं. त्या दिवशी घरी गेलो तर भात वाढला, म्हणाली तिसरी बस मिळाली, डॉक्टरनं दोन बाटल्या लावल्या, उतरलाय ताप. बस्स. मी वाट बघतोय अजून की ती भांडेल. ती भांडली नाय, आणि मग त्या सीटवर बसली पण नाय कधी. साहेबांच्या मुलानं, निखिलनं, स्वतःच्या लग्नात गाडी पाठवली होती आमच्या दारात, काकूंना घेऊन ये म्हणून. ही चालत गेली. मला म्हणाली, तुमी आणा गाडी, मी येते मागनं. तर तो कागद मी रद्दीत का नाय टाकला, कळलं का आता? गाडीवर मत द्यायला आलो मी? मत द्यायलाच आलो, हो, आणि ते चुकीचं नाय माझं, छपराचं मी सांगतोच आहे. पण लिहिलं होतं, कुटुंबासह या. वाटलं, निदान मागच्या सीटवर, एकदा — जुनी नाय तर नवीन का होईना — आणि डोकं आपटलं तिचं.

ही बघा आली नमिता. — काय झालं गं बाई? विचारलंस का? धरणार? माझा कागद धरणार? बघा, मी म्हटलं नव्हतं? ड्रायव्हर म्हणून — असू दे, ड्रायव्हर म्हणून धरा, तेच आहे मी. ड्रायव्हर ठेवणाऱ्या घरांचा वेगळा कागद असतो? आधी सांगायचं ना मग, एवढा तमाशा कशाला. तो उंच साहेब म्हणाला? छपराचं पटलं त्याला? हां. मग हसला कशाला मघाशी. जाऊ दे. कुठे सही करू? — थांब. हा एकच आहे. दुसरा? भिमाबाईचा? — बाद म्हणजे?

बाद म्हणजे काय, नीट सांग. गाडी तिच्या घरची नाय, आणि ती चालवत पण नाय, आणि तिच्यात बसलेली पण नाय, म्हणून तिचं मत धरता येत नाय. असं आहे ते. बरं. मला एक सांग बाई, तू शिकलेली आहेस. तुमी सकाळपासून काय विचारताय लोकांना? चेहरा कसा आहे, डोळे कसे आहेत, येताना कशी दिसते, जाताना कशी दिसते. आत बसलेल्याला गाडीचा चेहरा दिसतो का? साहेबांनी बघितलाय? पेपर बघितला त्यांनी. मी बघितला, पण मी तर रोज पुसायचो, मला तो आवडणारच. गाडीचा चेहरा कोणाला दिसतो, जो रस्त्यावर उभा आहे त्याला. तुमच्या या अख्ख्या हॉलमध्ये त्या गाडीला बाहेरून अठरा वर्षं बघितलेलं माणूस एकच आलंय, आणि त्याचाच कागद तुमी बाद करताय. नियम. हो, नियम तुझे नाय, माहीत आहे मला, तू नोकरी करतेस. नोकरी मी पण केली. तुझ्यावर नाय ओरडत मी.

असं कर. तिचा ठेव, माझा काढ. एकच धरायचा ना, मग तिचा धर. — होत नाय? त्या साहेबाला बोलव इकडे. येणार नाय तो? कामात आहे? ठीक आहे. तो माझा कागद दे इकडे, सही करतो. दे ना.

हा घ्या. हा घ्या, झाला. आठ तुकडे. आता छपराचं त्यांना दुसऱ्या कोणीतरी सांगू दे, नायतर नको सांगू दे, आपटू देत डोकी. — नाय गं बाई, रडायला काय झालं तुला, तुझ्या पगारातनं कापणार आहेत का? मग? तुकडे मी घेतो खिशात, तुमचा हॉल घाण नको.

तू कशाला उठून आलीस, भिमा? बस तिकडे. — काय? — कशाला फाडलात? का म्हणजे, अगं तुझा घेत नव्हते ते. — बरोबर लिहिलं होतं? माझं? तू वाचलंस कधी? — मागच्या दाराचं. हां. — दुखतंय का अजून डोकं? दाखव. दाखव ना. — नको तर नको.

तुमी काय ऐकत बसलाय? उठा. छत्तीस नंबर पुकारला मघाशीच, मिसेस पण आल्या तुमच्या, त्या बघा शोधतायत. जा आत. आणि मी काय बोललो ते डोक्यात ठेवू नका, तुमाला काय वाटतं ते सांगा. जा.